मुख्याध्यापकानं आधी शिक्षकांना सांभाळावं की लेकरांना?

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम यंदा जूनमध्ये पदोन्नतीनं मुख्याध्यापक झाल्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, हाताखाली सात शिक्षक. त्यातले दोघे नोकरीनं त्यांच्याहून ज्येष्ठ. त्यांनी पदोन्नती नाकारली म्हणून ती मॅडमकडे आली, आणि आता ते दोघे सांगितलेलं कानामागं टाकतात. चौथी-पाचवीतल्या बऱ्याच लेकरांना धड वाचता येत नाही. दिवाळी झाली की निम्मी शाळा आईबापाच्या मागं ऊसतोडीला जाते. मॅडमचा स्वतःचा दिवस ऑनलाइन माहित्या भरण्यात संपतो. त्या विचारतात, 'शिक्षकांना सांभाळू की मुलांकडे बघू? सुरुवात कुठून करू? आणि त्या दोघांची तक्रार वर करू का?'

मॅडम, मी जिल्हा परिषदेतूनच निवृत्त झालो. मुख्याध्यापकीची बहुतेक वर्षं तुमच्याच बाजूला, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत गेली. त्यामुळं तुमची शाळा न बघताही थोडीफार डोळ्यांपुढं येते. उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाचा.

पहिल्यांदा तुमच्या प्रश्नातली 'की' काढून टाका. शिक्षक आणि लेकरं ही दोन वेगळी खाती नाहीत. शिक्षकाचा तास शाबूत राहिला की लेकराचं काम होतं, आणि लेकराची नेमकी अडचण शिक्षकाच्या हातात दिली की शिक्षकालाही आधार मिळतो. खरी अडचण अशी दिसते की जूनपासून तुम्ही वर्गात गेल्याच नाहीत, किंवा गेलात ते सही करायला आणि पट मोजायला. मुख्याध्यापक वरून आलेलं पत्र ग्रुपवर टाकतो, खाली 'तात्काळ' लिहितो आणि संध्याकाळी विचारतो, झालं का. त्याचा पोस्टमन होतो. पोस्टमनचं कुणी ऐकत नाही, ऐकायचं कारणही नसतं. 'ऐकत नाहीत' म्हणण्याआधी एकदा आठवून बघा, गेल्या तीन-चार महिन्यांत त्या दोन गुरुजींना तुम्ही शिकवण्याबद्दल म्हणून काय सांगितलं? माहितीचे रकाने सोडून?

आता काय कशावर अवलंबून आहे तेही सांगतो, नाहीतर माझं उत्तर सगळ्यांना जसंच्या तसं लागू समजाल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला १५० च्या वर पट असेल तर वेगळा मुख्याध्यापक, आणि सहावी ते आठवीला १०० च्या वर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, असा निकष आहे. आपल्याकडच्या कितीतरी शाळा त्यात बसत नाहीत. तिथं मुख्याध्यापकाकडे स्वतःचा वर्गही असतो. तुमच्याकडे वर्ग असेल तर मी सांगतो त्याच्या निम्मंच धरा. शाळा दोन शिक्षकी असेल तर वर्गवाटपाचा प्रश्नच उरत नाही. खासगी अनुदानित शाळेत कुठं कुठं क्लार्क, शिपाई असतो, पण संस्थाचालकही असतो. तिथलं गणित निराळं, त्यात शिरत नाही.

तुमच्या हातात काय आहे हेही एकदा मोजून घ्या. बदली तुमच्या हातात नाही, ती ऑनलाइन होते. पगार तुमच्या हातात नाही. नोटीस देता येते, पण तिचं पुढं काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. हातात उरतं ते वर्गवाटप, वेळापत्रक, तुम्ही स्वतः कुठं बसता ते, आणि शिक्षकांच्या बैठकीत काय विचारता ते. एवढ्यावर शाळा फिरते, हे मी माझ्या आणि शेजारच्या शाळांत बघितलंय.

याला संशोधनाचाही दुजोरा आहे. न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले. शाळाप्रमुखाची कामं त्यांनी पाच गटांत मांडली आणि कशाचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम दिसतो ते पाहिलं. सगळ्यात वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सामील होणं. ही 'स्वतः सामील होण्या'चीच गोष्ट आपल्याकडे गळते. आपण शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवतो आणि मागं ऑफिसात बसून माहिती भरतो.

परवाच १७ सप्टेंबरचं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं असेल. भाषणात स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आलंच असेल, मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून. त्याआधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते, हे लेकरांना कुणी सांगत नाही. चळवळीतली कितीतरी पोरं त्यांनी वर्गातूनच उभी केली. असो, विषयावर येतो.

वर्गात बसायचं म्हणजे कसं, ते सांगतो. निरीक्षणाचा छापील तक्ता घेऊन खुर्ची टाकून मागं बसू नका. त्यानं शिक्षक नाटक करतो आणि पोरं घाबरतात. शेवटच्या सतरंजीवर एखाद्या लेकराशेजारी मांडी घालून बसा आणि फळ्याकडं न बघता त्याच्या वहीकडं बघा.

चौथीच्या एका वर्गात मी असाच बसलो होतो. हातच्याची वजाबाकी चालू होती. गुरुजी जुने, आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. फळ्यावर ५२ वजा २७ बरोबर २५ सोडवलेलं, आणि वहीतही तसंच उतरवलेलं. मग गुरुजींनी पुढची गणितं आपापली करायला दिली. माझ्या शेजारच्या पोरीनं ६३ वजा ३८ चं उत्तर ३५ लिहिलं. पलीकडच्यानंही ३५. मी हळूच विचारलं, 'कसं काढलंस गं?' तिनं बोट ठेवून दाखवलं, 'आठातून तीन गेले पाच, सहातून तीन गेले तीन.' वर कोण, खाली कोण, तिला काही फरक नव्हता. मोठ्यातून लहान काढायचं, एवढं तिला पक्कं कळलं होतं. त्या ओळीतल्या चौघांची तीच तऱ्हा. पुढच्या ओळीतली पोरं खणखणीत उत्तरं देत होती, म्हणून गुरुजींना वाटत होतं, वर्गाला आलंय.

मधल्या सुट्टीत मी गुरुजींना वही दाखवली. 'तुमचं शिकवणं चुकलं' असं म्हटलं नाही, आणि ते चुकलेलंही नव्हतं. एवढंच म्हणालो, 'गुरुजी, फळ्यावरून उतरवलेली गणितं बरोबर आहेत, स्वतः केलेली चुकायलीत, आणि चौघांची चूक एकच हाय.' ते वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, 'एवढी वर्षं असंच शिकवायलोय, सर.' मी म्हणालो, 'उद्या खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मी बांधून आणतो. तास तुम्हीच घ्या. मी त्या चौघांजवळ बसतो.' दुसऱ्या दिवशी गठ्ठा सोडून त्याच्या दहा सुट्या काड्या झाल्या तेव्हा त्या पोरीला कळलं की तीनातून आठ का जात नाहीत आणि शेजारच्या घरातून काय आणायचं. पुढच्या आठवड्यात गुरुजी स्वतःच मला बोलवायला आले, 'सर, भागाकाराला बसता का?'

यात तीन गोष्टी ध्यानात घ्या. मी शिक्षकाबद्दल मत दिलं नाही, लेकराची वही दिली. बोलणं त्याच दिवशी आणि एकट्यात झालं. आणि उपाय सांगून मी ऑफिसात परतलो नाही, कामाचा एक तुकडा स्वतःकडे घेतला. रोज एका वर्गात अर्धा तास असं बसा. सातही वर्ग बघून व्हायला दीड आठवडा लागतो, मग पुन्हा पहिल्यापासून. ज्येष्ठ गुरुजींच्या वर्गात सगळ्यात आधी जाऊ नका, त्यांना तपासणी वाटेल. आधी ज्यांच्याशी पटतं त्यांच्याकडे जा. बातमी आपोआप पोचते.

आता वाचनाचं बघू. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक लेकराला एकेकट्याला समोर बसवून वाचायला लावा: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. कुठं अडतं ते नावापुढं लिहा. दोन दिवसांचं काम आहे आणि त्याला कुठला ॲप लागत नाही. लेकरांचं वाचन-गणित तपासणारे 'असर' पाहणीवाले हेच करतात, पद्धत साधी आहे. मग रोज एक तास तिन्ही वर्ग फोडून पातळीप्रमाणे गट करा. पाचवीतलं अक्षरावर अडलेलं लेकरू आणि तिसरीतलं अक्षरावर अडलेलं लेकरू एका गटात. सगळ्यात खालचा गट तुम्ही स्वतः घ्या. ही माझी अट समजा. मुख्याध्यापकानं सोपा गट घेतला किंवा 'मी देखरेख करते' म्हटलं, की हा तास महिनाभरात बंद पडतो. तुम्ही खालचा गट घेतलात की ते ज्येष्ठ गुरुजीही 'आम्हाला जमणार नाही' म्हणायला दोनदा विचार करतील. पाचवीतल्या पोराला लाज वाटेल ही भीती असते. ती पहिल्या आठवड्यात खरी ठरते, त्यामुळं त्याला वाचनासोबत गटात काहीतरी काम द्या: पुस्तकं वाटणं, फळा पुसणं, लहान्यांची हजेरी घेणं.

वर्गवाटपाबद्दल माझं मत थोडं हट्टी आहे. आपल्याकडे रिवाज असा की ज्येष्ठाला वरचा वर्ग आणि नव्या आलेल्याला पहिली. मला हे उफराटं वाटतं. पहिलीच्या वर्गात शाळेतला सगळ्यात कसलेला माणूस पाहिजे. पाचवीत वाचन न येणारं जे लेकरू तुम्हाला आज छळतंय, ते पहिली-दुसरीत सुटलेलं असतं. यंदा मधेच बदलू नका, गोंधळ होईल. पण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वर्गवाटप सगळ्यांसमोर बसून ठरवा आणि त्या दोघांपैकी ज्यांचा हात लहान पोरांवर चांगला बसतो त्यांना पहिली मागून घ्या. आदेश काढू नका, मागा. जुन्या शिक्षकाला मागितलेलं काम आणि लादलेलं काम यातला फरक लगेच कळतो.

शिक्षकांना आधार म्हणाल तर त्यांना सगळ्यात जास्त आधार लागतो वेळेचा. माहितीचा उपद्रव पूर्ण थांबवणं तुमच्या हातात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असं आहे. म्हणजे बीएलओचं, मतदार यादीचं काम निवडणुकीत मोडतं, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. बाकीचं काम आलं तर लेखी पत्र मागा. पुष्कळ 'तात्काळ' कामं लेखी मागितल्यावर आपोआप मावळतात.

शाळेपुरतं मात्र एवढं करा. एका फाईलमध्ये एक कागद ठेवा: इयत्तावार, मुलं-मुली, प्रवर्गवार पट, यूडायस क्रमांक, खोल्या, शौचालयं, पाणी, वीज, बँक खातं, समितीची नावं. महिन्याच्या एक तारखेला तो अद्ययावत करा. निम्म्या माहित्या याच कागदावरून निघतात, प्रत्येक वेळी सात शिक्षकांना वर्गातून उठवायची गरज पडत नाही. दुसरं, माहिती फक्त शेवटच्या तासात मागायची. परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकाचा फोन पिशवीत आणि तुमचाही. वरून फोन आला तर तुम्ही घ्या, बोलणी तुम्ही खा. शिक्षकाला पाठीशी घालणं म्हणजे त्याच्या चुका झाकणं असं काही जण समजतात. मला त्याचा अर्थ एवढाच वाटतो की वरचा मार वर्गापर्यंत पोचू द्यायचा नाही.

संगणकात हात चालणारा एखादा तरुण शिक्षक सगळ्या शाळेचं ऑनलाइन ओढत असतो आणि त्याचा वर्ग उघडा पडतो. त्याच्याकडून काम घ्या, पण त्या बदल्यात त्याचा तेवढा तास कुणीतरी घेतला पाहिजे. बऱ्याच वेळा ते तुम्हीच. पोषण आहाराचं रजिस्टर आळीपाळीनं द्या, पण खिचडीची चव रोज स्वतः बघा. स्वयंपाकी ताईंशी दोन शब्द बोला, गावातल्या निम्म्या बातम्या तिथं कळतात.

शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर अर्धा तास बैठक घ्या. परिपत्रक वाचून दाखवायचं नाही, ते ग्रुपवर आलेलं असतं. एकच विषय: या आठवड्यात कुठल्या लेकराचं काय अडलं. अशा लेकरांच्या चार वह्या मधे ठेवा आणि चहा मागवा. आणि एक सोय करा, महिन्यातून एकदा प्रत्येक शिक्षकाला दुसऱ्याचा तास बघायला पाठवा. 'तुमचा वर्ग मी सांभाळते, तुम्ही जा' असं तुम्ही म्हणालात तरच ते जातील. त्या ज्येष्ठांपैकी एखाद्याचं गणित किंवा पाठांतर, अक्षर चांगलं असेल तर पहिल्यांदा त्यांच्याच वर्गात इतरांना पाठवा. वर्षानुवर्षं त्यांच्या वर्गात तपासणीशिवाय कुणी आलेलं नसतं.

आता ऊसतोड. हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात निकडीचं आहे, कारण सप्टेंबर संपत आला. उचल, म्हणजे तोडणीचे आगाऊ पैसे, बऱ्याच घरांत आधीच घेतलेली असते, आणि दसऱ्यानंतर टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या दिसायला लागल्या की तुमच्या हातात काही राहत नाही. म्हणून आत्ताच वर्गशिक्षकांकडून यादी काढून घ्या: कुणाच्या घरातून कोयता (नवरा-बायकोची तोडणीची जोडी) जाणार, घरी मागं कोण राहणार, आणि लेकरू जाणार ते कशासाठी. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. दहा-बारा वर्षांची पोर सहसा ऊस तोडायला जात नाही. आई फडात असताना कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) रांगतं लेकरू सांभाळायला तिला नेतात. तिच्या आईला शिक्षणाचं महत्त्व सांगून काही होत नाही, तिला ते कळतं. प्रश्न त्या रांगत्या लेकराचा असतो. आजी घरी असेल, अंगणवाडी ताई तयार असतील, तर धाकटं मागं ठेवायची सोय होते का ते बघा. ती झाली तर थोरली आपोआप राहते. सगळ्या घरांत जमत नाही. अंगावर पिणारं असेल तर नाहीच जमत.

आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवायचं, त्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गट शिक्षण कार्यालयाला जातो. यंदाची पत्रं आणि नमुने केंद्रप्रमुखांकडून आजच मागून घ्या, कारण अटी बदलत राहतात. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला पाहिजेत, असं कायदा सांगतो. पण आपल्याकडे नोव्हेंबरनंतर निम्मी समितीच ऊसाला गेलेली असते. म्हणून ठराव आत्ता घ्या, आणि बैठक दुपारी न ठेवता संध्याकाळी रानातून माणसं आल्यावर ठेवा. मंजुरी आणि पैसा उशिरा येतो हे गृहीत धरून पहिल्या काही दिवसांच्या धान्याचं गावातल्या चार माणसांशी बोलून ठेवा. वरच्या वर्गातल्या पोरांसाठी तालुक्याला संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहाची सोय आहे का तेही समाजकल्याणकडे विचारा.

जी लेकरं जाणारच, त्यांना शिक्षण हमी पत्रक हातात देऊन पाठवा. कागद नाही म्हणून तिकडच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे बापाला समजावून सांगा आणि पत्रक आईकडं द्या. बापाच्या खिशात ते धुतलं जातं. मुकादमाचं नाव, फोन आणि कारखाना लिहून घ्या. वर्गशिक्षकानं पंधरा दिवसांतून एकदा फोन लावून लेकराशी बोलायचं. अभ्यास विचारायचा नाही, 'तिकडं शाळेत जातोस का, गुरुजींचं नाव काय' एवढंच. त्या फोननं पोरगं मार्च-एप्रिलमध्ये शाळेत परत येतं. फोन नसेल तर कधी कधी येतच नाही. परत आल्यावर पहिलं काम: पुन्हा समोर बसवून वाचायला लावा आणि योग्य गटात घ्या.

सहावी-सातवीच्या मुलींकडे वेगळं लक्ष द्या. तोडीला जाण्याआधी किंवा उन्हाळ्यात लग्न उरकण्याची घाई होते. मुलगी सलग गैरहजर दिसली की वर्गशिक्षिकेनं त्याच दिवशी घरी जायचं. लग्नाची कुणकुण लागली तर गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी), त्यांना सांगा, आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे. शिक्षिकेला एकटीला पुढं करू नका, ती त्याच गावात राहते. नाव शाळेचं जाऊ द्या, म्हणजे तुमचं.

आणि ज्या घरात बापानं नापिकी, कर्जापायी जीव दिला, ते लेकरू आठ-पंधरा दिवसांनी शाळेत येतं तेव्हा शिक्षकच गांगरतात. त्यांना आधी बोलवून सांगा: नेहमीच्या जागी बसवा, वर्गासमोर सांत्वन नको, गृहपाठ काही दिवस कमी, आणि एका माणसानं रोज दोन मिनिटं त्याच्याशी बोलायचं. लेकरू स्वतःच्या जिवाबद्दल काही बोललं तर थांबू नका, घरच्यांना सोबत घेऊन सरकारी दवाखाना गाठा. मानसिक आधार देणाऱ्या सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर ऑफिसात लावून ठेवा. आणि एवढं कराच: वह्या वाटायला कुणी देणगीदार आले आणि 'आत्महत्याग्रस्त कुटुंबातील विद्यार्थी' म्हणून स्टेजवर उभं करून फोटो काढायचा म्हणाले तर सरळ नाही म्हणा. वह्या ऑफिसात ठेवून जा म्हणावं. माणसं नाराज होतात, होऊ द्या.

एका बाबतीत मात्र मी वर सांगितलेला सगळा मऊपणा बाजूला ठेवा. लेकरांना मारणं, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलीशी गैरवर्तन. तिथं 'गावात मिटवून घेऊ' हे वाक्य कुणीही उच्चारलं तरी ऐकायचं नाही. असं गैरवर्तन पोक्सोखाली (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली) कळवणं बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तक्रारपेटी आणि लेकरांच्या सुरक्षिततेची सखी सावित्री समिती कागदावर असेलच. पेटीची किल्ली कुणाकडे आहे ते एकदा बघा.

थोडक्यात क्रम असा लावा: या आठवड्यात ऊसतोडीची यादी आणि समितीचा ठराव, पुढच्या आठवड्यात वाचनाची चाचणी आणि गट, आणि आजपासून रोज अर्धा तास वर्गात. वर्गवाटप उन्हाळ्यात.

राहिली तक्रार. दिवाळीपर्यंत करू नका. तक्रार गेली की केंद्रप्रमुख येतात, दोन्ही बाजूंचे जबाब होतात, शाळा दोन गटांत वाटली जाते आणि त्या दोघांना तुमच्याविरुद्ध बोलायला विषय मिळतो. तोवर त्यांच्या वर्गात जा, वह्या बघा, एक तुकडा काम स्वतःकडे घ्या. बहुतेक वेळा दोघांपैकी एक तरी वळतो. दुसरा नाही वळला आणि त्याचा वर्ग खरोखर मागं पडत असेल, गैरहजेरी असेल, दारू असेल, तर मग लेखी करा. पण त्यात 'वरिष्ठांचा अवमान करतात' असलं काही लिहू नका, ते कुणी वाचत नाही. तारखा लिहा, त्या तारखांना वर्गात काय चाललं होतं ते लिहा, तुम्ही काय मदत देऊ केली ते लिहा, आणि त्या वर्गातल्या लेकरांची पहिल्या चाचणीतली आणि तेव्हाची वाचनपातळी शेजारी शेजारी जोडा. प्रत त्यांना देऊन पोच घ्या, मगच वर पाठवा.